'व्हायरल आहे' म्हणजे नेमके काय आहे? नागपूरच्या पावसाळ्यातील ताप आणि त्यामागचे जंतू

वैनगंगा (धागाकर्ती) | १८ ऑगस्ट, सकाळी ७.१०

गेल्या पंधरा दिवसांत आमच्या मानेवाड्यातील गल्लीत नऊ घरांपैकी पाच घरांत कोणी ना कोणी तापाने अंथरूण धरले आहे. विचारपूस करायला गेले की पाचही घरांतून एकच उत्तर मिळते, "काही नाही हो, व्हायरल आहे." प्रत्यक्षात तपासणीनंतर त्यांतील दोघांना डेंग्यू निघाला, एका मुलीला टायफॉइड, एका आजोबांना छातीत न्यूमोनिया, आणि पाचव्या घरातील ताप तीन दिवसांत आपोआप उतरला. पाच माणसांच्या शरीरात चार-पाच वेगवेगळे व्यवहार चालले होते आणि आपण सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे झालो होतो, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षे प्रयोगशाळेत रक्त, थुंकी आणि लघवीचे नमुने तपासण्याचे काम केले, आता निवृत्त आहे. त्यामुळे औषध सांगण्याचा अधिकार मला नाही, पण जंतू शरीरात जाऊन नेमके करतो काय, हे जवळून पाहिलेल्या माणसाच्या भाषेत सांगता येईल. जंतूचे काम कळले, की कोणत्या आजारात कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, हे आपले आपल्यालाच उमगू लागते.

पहिला फरक जिवाणू आणि विषाणू यांच्यातला. जिवाणू हा एका पेशीचा असला तरी स्वतःचा पूर्ण संसार असलेला जीव आहे. त्याच्याभोवती भित्तिका असते, आत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात, अन्न मिळाले की तो वाढतो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूला अनुकूल परिस्थितीत यासाठी अवघी वीस मिनिटे लागतात. या गतीने सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतात. दुपारी उघडे राहिलेले वरण रात्री का बाधते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

विषाणूकडे यातले काहीच नसते. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकांची एक चिठ्ठी, काहींच्या बाहेर चरबीचे आणखी एक आवरण, एवढीच त्याची मालमत्ता. तो खात नाही, वाढत नाही, दुभंगत नाही. आपल्या पेशीच्या पृष्ठभागावरील एखाद्या रेणूला त्याचे प्रथिन कुलपात किल्ली बसावी तसे बसले, की तो आत शिरतो, आणि मग त्याची चिठ्ठी आपल्याच पेशीचे रायबोसोम वाचू लागतात. स्वतःची चूल नसलेल्याने दुसऱ्याच्या चुलीवर, दुसऱ्याच्याच पिठाच्या भाकरी भाजून घ्याव्यात, तसा हा प्रकार. काही तासांत पेशीतून हजारो नवे कण बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींकडे वळतात.

आकारातही फार मोठे अंतर आहे. टायफॉइडचा जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो. डेंग्यूचा कण सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे त्या एका जिवाणूच्या लांबीत डेंग्यूचे चाळीस कण एका रांगेत मावतील. आम्ही काचपट्टीवर नमुना पसरून, आचेवरून फिरवून, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रॅनिनचा लाल रंग ओतायचो. हजारपट मोठे करणाऱ्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकून पाहिले, की कुठे द्राक्षांच्या घडासारखे जांभळे गोल, तर कुठे गुलाबी काड्या दिसायच्या. क्षयाच्या थुंकीची काचपट्टी वेगळ्या पद्धतीने रंगवली, की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काडी उठून दिसायची, आणि ती एक काडी सापडेपर्यंत कधी कधी अर्धा तास मान वर करता यायची नाही. विषाणू मात्र एकतीस वर्षांत मी एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसतच नाही. डेंग्यूच्या तपासणीत आम्ही पाहत होतो ते त्याने रक्तात सोडलेले एनएस१ नावाचे प्रथिन, किंवा आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे.

यातूनच पुढची गोष्ट निघते. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जिवाणूची भित्तिका बांधू देत नाहीत. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी औषधे जिवाणूच्या रायबोसोमला अडवतात. जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा असल्यामुळे आपल्याला फारसा त्रास होत नाही. विषाणूला भित्तिका नाही, आणि रायबोसोम वापरतो तो आपलाच. मग प्रतिजैविक मारणार कोणाला? "थोडे जास्त पॉवरचे द्या" असा आग्रह डॉक्टरांकडे धरताना हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, असे मला कळकळीने वाटते. त्या गोळ्यांनी विषाणूला काही होत नाही, पण आपल्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणू मरतात, त्यांच्यातले औषधाला न जुमानणारे मागे उरतात, आणि जिवाणू आपली जनुके एकमेकांना देऊ शकत असल्याने तो निगरगट्टपणा उद्या खऱ्या रोगजंतूकडे पोहोचतो.

आपापले अनुभव आणि शंका लिहाव्यात. या क्षेत्रातील जाणकारांनी माझे काही चुकत असल्यास दुरुस्त करावे.

सक्करदरा_७४ | १८ ऑगस्ट, सकाळी ९.०५

ताई, अतिशय उपयुक्त धागा. एक शंका आहे. आमच्याकडे डेंग्यूच्या भीतीने आम्ही दर रविवारी कूलरचे पाणी काढून टाकतो, तरीही सोमवारी-मंगळवारी नवीन पाण्यात अळ्या दिसतात. पाणी बदलूनही हे कसे होते? कूलर पावसाळ्यातही खिडकीतच आहे, कारण तो काढायला दोन माणसे लागतात.

वैनगंगा | १८ ऑगस्ट, सकाळी १०.२०

अर्ध्या नागपूरच्या खिडक्यांत हीच परिस्थिती आहे. एडिस डासाची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवते. ती मिलिमीटरपेक्षा लहान, काळी असतात आणि गंजलेल्या पत्र्यावर तर ओळखूच येत नाहीत. पाणी फेकले तरी अंडी भिंतीवर जशीच्या तशी राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी त्यांच्यापर्यंत चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पाणी बदलण्याइतकीच गरज टाकीच्या आतल्या भिंती काथ्याने किंवा तारेच्या घासणीने खरवडून काढण्याची असते. मी घासून झाल्यावर टाकी पालथी करून उन्हात ठेवते. जो कूलर निघत नाही, त्याची टाकी निदान पुसून पूर्ण कोरडी करावी आणि पावसाचे पाणी साचणार नाही असे वरून झाकावे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून 'कोरडा दिवस' आठवड्यातून एकदा पाळायला सांगतात.

हा डास सहसा शे-दोनशे मीटरच्या परिघातच फिरतो. त्यामुळे डेंग्यूचा डास शोधायला नाग नदीपर्यंत जाण्याची गरज नाही. तो बहुधा आपल्याच गल्लीतल्या एखाद्या कूलरमध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये किंवा गच्चीवरच्या कुंडीखालच्या बशीत जन्मलेला असतो.

प्राजक्त | १९ ऑगस्ट, दुपारी १२.३५

हा धागा वाचताना हात थरथरत होते, कारण घरात तेच चालू आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. गुरुवारी ताप आला, १०३ पर्यंत चढला, डोळ्यांच्या मागे दुखते म्हणून रडत होता. आमच्या भागातील एका दवाखान्यात 'व्हायरल' म्हणून सांगितले, पण सोबत प्रतिजैविकही लिहून दिले. शनिवारी आम्हीच आग्रह धरून तपासणी केली तेव्हा एनएस१ पॉझिटिव्ह आले. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ९२ हजार आहेत. नातेवाइकांचे फोन सुरू आहेत, कोणी पपईच्या पानांचा रस सांगते, कोणी बकरीचे दूध. आज सकाळपासून मात्र ताप पूर्ण उतरला आहे आणि आम्हाला फार हायसे वाटले. फक्त तो मलूल पडून आहे आणि सकाळपासून दोनदा उलटी झाली. अशक्तपणामुळे असेल ना? परवापासून शाळेत पाठवता येईल का?

वैनगंगा | १९ ऑगस्ट, दुपारी १२.४८

प्राजक्त, शाळेचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि आत्ताच त्याला बालरोगतज्ज्ञांकडे, शक्यतो भरती करण्याची सोय असलेल्या ठिकाणी घेऊन जा. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा जवळचे कोणतेही मोठे रुग्णालय चालेल. ताप उतरल्यानंतरचा हा काळच डेंग्यूत सर्वांत सांभाळण्याचा असतो. सविस्तर कारणे मागाहून वाचा, आधी निघा.

रुग्णसेवक | १९ ऑगस्ट, दुपारी २.१५

मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. वैनगंगाताईंनी दिलेला सल्ला योग्य आहे. इतर वाचकांसाठी त्यामागचे कारण जरा विस्ताराने लिहितो, कारण डेंग्यूविषयी घराघरांत असलेली समजूत अगदी उलट आहे. लोक तापाला घाबरतात आणि ताप उतरला की निर्धास्त होतात.

डास चावल्यावर विषाणू प्रथम त्वचेतील पहारेकरी पेशींत शिरतो, त्यांच्याबरोबर लसिका ग्रंथींत पोहोचतो आणि तेथून रक्तात येतो. चार ते दहा दिवसांनी ताप येतो. ताप हे विषाणूचे विष नव्हे. आपल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र शरीराचा पारा वर नेऊन ठेवते, तो ताप. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील विषाणू कमी होऊ लागतो आणि ताप उतरतो. पण प्रतिकारयंत्रणेने उसळवलेली रसायने त्याच वेळी परमोच्च पातळीवर असतात, आणि त्यांच्यामुळे केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपू लागतो. तो पोटात आणि छातीभोवती साचतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळू शकतो. विषाणूचा भर ओसरत असताना रोगी धोक्यात येतो तो या झिरपण्यामुळे.

म्हणून आम्ही केवळ प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहत नाही, तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहतो. ते वाढू लागले तर द्रव झिरपतो आहे असे समजते. प्लेटलेट अस्थिमज्जेचे काम मंदावल्याने आणि रक्तात त्यांचा नाश झाल्याने कमी होतात, आणि आजार उलटला की आपोआप वाढतात. केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याची गरज बहुतेक रुग्णांना पडत नाही. (पुष्कळ नातेवाईक प्लेटलेटना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या दोन्ही वेगळ्या आहेत, आणि अहवाल फोनवर वाचून दाखवताना यामुळे फार घोटाळे होतात.)

पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, अस्वस्थता किंवा गुंगी, लघवी कमी होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र काढू नये. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. त्या गोळ्या घरात 'अंगदुखीच्या' म्हणून पडलेल्या असतात.

आणखी एक. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेल्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडे विषाणूला चिकटतात पण त्याला निकामी करू शकत नाहीत, उलट त्याला पांढऱ्या पेशींच्या आत नेऊन पोहोचवतात. दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होण्याची शक्यता असते ती यामुळे. "मला होऊन गेला आहे, आता होणार नाही" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

संत्राबाग | १९ ऑगस्ट, रात्री ८.४०

मी काटोलजवळ राहतो. वडील एकोणसत्तर वर्षांचे आहेत, अजूनही रोज बागेत जातात. त्यांना नऊ दिवसांपासून ताप आहे, डोके फार दुखते. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइडची चाचणी नकारार्थी. पाच दिवस एका खासगी दवाखान्यात सलाईनमधून भारी प्रतिजैविक दिले, काडीचा फरक पडला नाही. ताईंनी वर लिहिले आहे की विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. मग औषध लागू पडले नाही, याचा अर्थ हा विषाणूच आहे असा घ्यायचा का? तसे असेल तर घरी आणून आराम करू द्यावा, असे भावाचे म्हणणे आहे.

रुग्णसेवक | १९ ऑगस्ट, रात्री ९.१०

घरी आणू नका. औषध चालले नाही म्हणजे विषाणूच, असा निष्कर्ष काढता येत नाही. आधी एक करा. दिव्याच्या उजेडात वडिलांचे संपूर्ण अंग तपासा. काखा, जांघा, कमरेला करदोटा असेल तर त्याखाली, गुडघ्यांच्या मागे, मानेवर केसांच्या कडेला. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, काळी, न दुखणारी खपली आहे का पाहा आणि लगेच कळवा. त्यांनी अलीकडे गवत कापले होते का, हेही सांगा.

संत्राबाग | १९ ऑगस्ट, रात्री १०.०२

डाव्या गुडघ्याच्या मागे आहे. तुरीच्या डाळीएवढी काळी खपली, भोवती लालसर कडा. वडील म्हणाले, "ते धुऱ्यावरचं काहीतरी चावलं असंन, दुखत तं नाही." पोळ्यासाठी बैलांना म्हणून बांधावरचे गवत त्यांनीच कापले होते. आजवर एकाही ठिकाणी कोणी पायजमा वर करून पाहिले नव्हते, आम्हीही नाही.

रुग्णसेवक | १९ ऑगस्ट, रात्री १०.२५

मग स्क्रब टायफसची दाट शक्यता आहे. उद्यावर न ढकलता आत्ताच नागपूरला मोठ्या रुग्णालयात न्या आणि ही खपली स्वतः डॉक्टरांना दाखवा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराचे बरेच रुग्ण आढळले होते, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना तो अपरिचित नाही.

कारण समजून घ्या. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू आहे, पण तो विषाणूसारखा वागतो, म्हणजे आपल्या पेशींच्या आत राहूनच वाढतो. गवतातील एका अतिसूक्ष्म जीवाची, चिगर माइटची, अळी चावल्यावर तो त्वचेत शिरतो आणि पुढे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत ठाण मांडतो. मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, जिथे रक्तवाहिनी आहे तिथे तो पोहोचतो, म्हणून उशीर झाला की एकाच वेळी अनेक अवयव बिघडतात. पेनिसिलिनच्या कुळातील इंजेक्शने कितीही महाग असली तरी ती पेशीबाहेर वाढणाऱ्या, भित्तिका असलेल्या जिवाणूंसाठी असतात. इथे पेशीच्या आत पोहोचून जिवाणूचा रायबोसोम अडवणारे औषध लागते. डॉक्सिसायक्लिन हे त्यासाठीचे जुने आणि स्वस्त औषध आहे. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे आहे.

वैनगंगा | १९ ऑगस्ट, रात्री ११.००

माझ्या पहिल्या लिखाणामुळे जिवाणू म्हणजे प्रतिजैविकाने बरा होणारा आणि विषाणू म्हणजे न होणारा, अशी सरळ विभागणी वाचकांच्या मनात राहिली असावी. ती अपुरी होती, आणि या प्रसंगाने ती नेमकी कुठे अपुरी पडते ते दाखवले. जंतू कोण आहे याइतकेच तो शरीरात कुठे राहतो हेही महत्त्वाचे आहे.

क्षयाचे उदाहरण याच जातीचे. पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि आतल्या पाचक रसांनी संपवतात. क्षयाचा जिवाणू मात्र गिळला गेल्यावर त्या पाचक पिशव्यांना आपल्यापर्यंत येऊच देत नाही आणि ज्याने खाल्ले त्याच्याच पोटात बसून राहतो. शिवाय त्याची वाढ अत्यंत सावकाश, एकाचे दोन व्हायला पंधरा ते वीस तास. जे औषध वाढत्या जिवाणूवर घाव घालते, त्याला असा सुस्त शत्रू सहजासहजी सापडत नाही, म्हणून उपचार सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, की गोळ्या सोडणारे रुग्ण मी किती पाहिले! काही महिन्यांनी तेच नाव पुन्हा नोंदवहीत यायचे आणि काचपट्टीवर पुन्हा त्या लाल काड्या.

फळा_खडू | २० ऑगस्ट, सकाळी ६.५०

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली आपल्या शहराशी संबंधित आहे आणि नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नाही. जगभरच्या विषाणुशास्त्राच्या पुस्तकांत 'चांदीपुरा विषाणू' असा एक विषाणू आहे. १९६५ साली नागपुरातील चांदीपुरा येथे तापाची साथ आली असताना दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला आणि त्या जागेचे नाव त्याला दिले. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्याच कुळातील हा विषाणू वाळूमाशीमार्फत पसरतो. ही माशी डासापेक्षा लहान, केसाळ असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याजवळच्या ओलसर मातीत वाढते. अनेक वर्षे हा विषाणू निरुपद्रवी समजला जात होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा ३२९ बाधित मुलांपैकी १८३ दगावली आणि तपासात हाच विषाणू सापडला. त्याच वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण होते. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. सकाळी ताप, दुपारी झटके, संध्याकाळी बेशुद्धी, इतक्या वेगाने तो मुलांना गाठतो. यावर खास औषध नाही, लस नाही, म्हणून भिंतींच्या भेगा लिंपणे आणि झटके येताच मुलाला तातडीने रुग्णालयात नेणे एवढेच हाती राहते. हे नाव वर्गात उच्चारताना मला दरवेळी वाईट वाटते, कारण आपल्या मातीचे नाव मुलांच्या मृत्यूशी जोडले गेले आहे.

दुसरी गोष्ट अशी, की जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते, आणि काही वेळा त्याची किंमत आपण मोजतो. घटसर्पाचा जिवाणू ज्या विषाने घशात पडदा धरवतो आणि हृदयाला इजा करतो, ते विष बनवण्याचे जनुक मुळात त्या जिवाणूचे नाहीच. त्याच्यात शिरलेल्या विषाणूने ते सोबत आणलेले असते. हे जनुक नसलेला घटसर्पाचा जिवाणू ते विष तयार करू शकत नाही. पटकीच्या (कॉलराच्या) विषाचे जनुकही अशाच वाटेने आलेले आहे.

पारडीकर | २० ऑगस्ट, सकाळी ११.३०

पटकीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या बाजूला रस्ता खोदल्यापासून दोन दिवस नळाला गढूळ, वास येणारे पाणी आले आणि आता चार घरांत जुलाब सुरू आहेत. आईला काल रात्रीपासून पंधरा-वीस वेळा, अगदी पाण्यासारखे जुलाब झाले. ताप नाही, पोटात मुरडाही नाही. ओआरएस पाजले की ती म्हणते, "पाणी प्यायलं की पुन्हा जावं लागतं, नको." पाणी बंद ठेवावे का?

वैनगंगा | २० ऑगस्ट, सकाळी ११.४४

बंद करू नका. घोट घोट चालू ठेवून आईंना रुग्णालयात न्या. या वयात इतके जुलाब म्हणजे सलाईनची गरज पडू शकते. ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायची असते. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घातली की मीठ जास्त होते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, दोन्ही सपाट मापाने.

आता, पाणी प्याल्याने जुलाब वाढतात ही समजूत का चुकीची आहे ते सांगते. पटकीचा जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, तिला जखम करत नाही, म्हणून ताप आणि मुरडा बहुधा नसतो. तो वरवर चिकटून एक विष सोडतो. हे शोधून काढले कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी. १९५९ मध्ये त्यांनी दाखवले की जिवाणू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही आतड्यात पाणी सुटते. हे विष आतड्याच्या पेशीतील एक कळ दाबून धरते आणि ती पेशी क्षार बाहेर फेकत राहते, त्यामागे पाणी धावते. गंभीर रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. मृत्यू येतो तो या कोरडेपणामुळे.

पण आतड्यात दुसरी एक वाट असते, जिच्यातून साखर आणि मीठ जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यासोबत पाणीही आत येते. पटकीचे विष ही वाट बंद करू शकत नाही. ओआरएस त्या वाटेने जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ तितके शोषले जात नाही, दोघांची जोडी लागते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हे मिश्रण नातेवाइकांच्या हातांनी पाजले, आणि जिथे शंभरात तीसच्या आसपास दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आले. जुलाब लगेच थांबत नाहीत, हे खरे आहे. बाहेर जाणाऱ्याहून आत येणारे जास्त ठेवायचे, एवढेच काम आहे.

चारही घरांनी पाणी उकळूनच प्यावे आणि आरोग्य विभागाला आजच कळवावे, म्हणजे पाण्याचा नमुना घेतला जाईल.

सक्करदरा_७४ | २० ऑगस्ट, दुपारी ४.१५

टायफॉइडबद्दल थोडे. माझी विडाल चाचणी दर वर्षी तापात पॉझिटिव्ह येते आणि दर वर्षी मला टायफॉइडचे औषध मिळते. खरेच दर वर्षी होतो का?

वैनगंगा | २० ऑगस्ट, दुपारी ४.५०

विडाल चाचणी जिवाणू शोधत नाही, प्रतिपिंडे शोधते, आणि ती पूर्वीच्या लागणीमुळे किंवा लसीमुळेही रक्तात असू शकतात. खात्री हवी तर रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू बाटलीत वाढवून पाहण्याची तपासणी, करावे लागते, आणि त्याचे रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधी काढावे लागते. औषध सुरू झाल्यावर आलेल्या बाटल्या आम्ही उबवणीच्या पेटीत दिवसेंदिवस ठेवायचो आणि त्यातला द्रव स्वच्छ तो स्वच्छच राहायचा. वेळेवर आलेली बाटली दुसऱ्या दिवशी ताकासारखी गढूळ व्हायची, आणि मग कोणते औषध लागू पडेल हेही तिच्यातूनच सांगता यायचे. पुढच्या वेळी डॉक्टरांना कल्चरबद्दल अवश्य विचारा.

प्राजक्त | २१ ऑगस्ट, रात्री ९.२०

मुलगा भरती आहे. तिथे पोहोचलो तेव्हा त्याचे पाय गार होते आणि हिमॅटोक्रिट ४८ होते. पोटात थोडे पाणी साचल्याचे सोनोग्राफीत दिसले. दोन दिवस मोजून सलाईन दिली, नर्सताई दर वेळी त्याची लघवी मापात घेऊन लिहून ठेवत होत्या. आज हिमॅटोक्रिट ३९ वर आले, अंगावर लाल पुरळ उठून मधे मधे पांढरे ठिपके दिसत आहेत, आणि ते बरे होण्याचे लक्षण आहे असे डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी त्याने स्वतःहून खिचडी मागितली. प्लेटलेट ५४ हजारांपर्यंत उतरून आता वर चढत आहेत, चढवाव्या लागल्या नाहीत. त्या दुपारी मी इथे विचारले नसते तर आम्ही त्याला झोपू दिले असते.

रुग्णसेवक | २१ ऑगस्ट, रात्री ९.४५

ऐकून फार बरे वाटले. आता बाहेर झिरपलेला द्रव रक्तात परत येत असतो, त्यामुळे या टप्प्यात सलाईन कमी करतात किंवा बंद करतात. "अशक्तपणा आहे, अजून एक बाटली लावा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, जादा पाणी फुप्फुसांवर येऊ शकते.

संत्राबाग | २२ ऑगस्ट, दुपारी १.३०

वडिलांना स्क्रब टायफसच निघाला. औषध सुरू झाल्यापासून दीड दिवसात ताप उतरला, मूत्रपिंडांवर आलेला ताण अजून आहे, म्हणून चार दिवस ठेवतील. काल गावी जाऊन त्या बांधावर गवत कापणाऱ्या पाच जणांना गाठले आणि प्रत्येकाला अंग तपासायला लावले. एका बाईंना चार दिवसांपासून कणकण होती आणि पोलक्याच्या शिवणीखाली, काखेजवळ तशीच काळी खपली निघाली. त्यांना आज सकाळी माझ्याच गाडीने नागपूरला आणले आहे, तपासणीचा अहवाल संध्याकाळी मिळेल.